संघाबरोबर जाणाऱ्या बाई

वर्तमानपत्रात मुलींच्या संघाची निवड छापून येते, तेव्हा मी ती शेवटून वाचते. यादीत आधी कर्णधार, मग खेळाडूंची नावं, मग प्रशिक्षक म्हणून कुठलेतरी सर आणि अगदी तळाला ‘व्यवस्थापिका’ म्हणून कुणी सौ. किंवा श्रीमती. ही तळाची जागा मी बरीच वर्षं भरली. शाळेत क्रीडाशिक्षिका होते, लग्न होऊन बदलापूरला, मांजर्लीत आले आणि इथूनच मुलींचे संघ घेऊन फिरले. त्यामुळे त्या एका ओळीचा इतिहास लिहिण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेतला आहे. दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

हल्ली महाविद्यालयांत मुलींच्या संघाला सहप्रशिक्षिका नेमतात. नेमणुकीच्या बातमीत तिचं शिक्षण, पदकं, अनुभव सगळं येतं. पण हे पद कुठून आलं, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते ते मैदानावर जन्मलंच नाही. ते रेल्वेच्या डब्यात जन्मलं. बाई मुळात खेळ शिकवायला आल्याच नव्हत्या, त्या राखणीला आल्या होत्या.

आपल्या देशी खेळांना नियमांत बसवलं ते पुरुषांनी, पुरुषांच्या संस्थांमध्ये. खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात ठरले. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्यांचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आलं. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं. शिक्षकांना तयार करायचं म्हणून मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला प्रशिक्षण संस्था काढली. पुढे मी तिथेच शिकले. मुली खेळत नव्हत्या असं नाही. लेझीम होती, लंगडी होती, फुगड्यांमध्ये तर आजच्या मुली मोडून पडतील इतका दम लागायचा. पण गाव सोडून सामना खेळायला जाणं वेगळं. महिलांची राष्ट्रीय कबड्डी सुरू झाली १९५५ मध्ये कलकत्त्याला आणि खो-खोत मुलींना राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडलं ते १९६०-६१ च्या कोल्हापूरच्या स्पर्धेत.

कलकत्ता म्हणजे त्या काळी गाडीत दोन रात्री. मुलीला एवढ्या लांब पाठवायचं तर घरचा पहिला प्रश्न एकच असायचा: बरोबर बाई कोण? प्रशिक्षक कोण, हे कुणी विचारत नसे. सर चांगले होते, नावाजलेले होते, तरी मुलगी बाहेर पडायची ती बाईंच्या नावावर. विद्यापीठांच्या मुलींच्या संघाला तर ‘लेडी मॅनेजर’ लागतेच. प्राध्यापिकांपैकी कुणीतरी जायचं. खेळाची माहिती असलीच पाहिजे, अशी अट नव्हती. संस्कृत शिकवणाऱ्या बाई कबड्डीचा संघ घेऊन जायच्या आणि सामना चालू असताना स्वेटर विणत बसायच्या. मला त्यांचं हसू येत नाही. त्या आल्या म्हणून ती पोरं खेळली.

आता काम काय असायचं ते सांगते, कारण ते कुठल्याही पुस्तकात नाही. रेल्वे कन्सेशनचा फॉर्म मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह घ्यायचा. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या गटांसाठी जन्मतारखेचे दाखले, ओळखपत्रं आणि त्यावर फोटोच्या अर्ध्या भागावर येईल असा शिक्का. राहायची सोय एखाद्या शाळेच्या वर्गात. बाकं भिंतीला सरकवून सतरंज्या घालायच्या आणि दाराला आतून कडी आहे का ते सगळ्यांत आधी बघायचं. पिशवीत सेफ्टी पिना, नाडी, इलेक्ट्रालचे पुडे, आयोडेक्स आणि जुन्या सुती साडीचे फाडून धुऊन ठेवलेले तुकडे. त्या तुकड्यांबद्दल मुलगी सरांना काही सांगू शकत नसे. सरांना एवढंच दिसायचं की कालपर्यंत चढाईत सुसाट असलेली पोरगी आज पाय ओढतेय. मग ते ओरडायचे. मी कोपऱ्यातून हातानेच ‘राहू द्या’ म्हणायचे आणि तिला बसवून दुसरीला उतरवायला सांगायचे. संघात कोण उतरणार यात माझा पहिला शब्द चालला तो असा.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. कबड्डी हा अंगाला अंग भिडण्याचा खेळ. चढाई करणारीचा घोटा कसा धरायचा, कमरेत हात घालून तिला मागे कसं खेचायचं, साखळीतल्या जोडीदारणीचं मनगट किती घट्ट पकडायचं, हे तोंडाने सांगून येत नाही. धरून दाखवावं लागतं. आमचे सर भले गृहस्थ. ते मैदानाबाहेर उभे राहून, हवेत हात फिरवून सांगायचे, “असं धर, असं!” मुली एकमेकींकडे बघायच्या. शेवटी मी पदर खोचून मैदानात उतरले आणि स्वतःचा घोटा पुढे केला. “धर,” म्हटलं. त्या दिवसापासून पकडी मी शिकवू लागले आणि सर डावपेच. कागदावर मात्र मी व्यवस्थापिकाच राहिले. अशा बाई ठाणे जिल्ह्यात गावोगाव होत्या. आमच्या पट्ट्यातल्या आगरी वस्त्यांत कबड्डी रक्तातच. भाऊ, काका, आजोबा सगळे मातीतले. त्यांच्या पोरींना शिकवायला खरं तर घरचेच तज्ज्ञ होते. पण त्यांनाही बाईच हवी असायची.

शास्त्रशुद्ध प्रशिक्षक घडवायची सोय देशात झाली १९६१ मध्ये, पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात. तिथला दाखला म्हणजे आमच्या भाषेत ‘एनआयएस’. “ते एनआयएस आहेत” असं म्हटलं की पुढे बोलायचं नसे. १९८५ पासून प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळू लागला. पहिल्याच वर्षी कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत हे मराठी नाव त्यात होतं. बाईचं नाव यादीत यायला पुढे बरीच वर्षं गेली. घर, नोकरी, मुलं टाकून पतियाळाला राहायला जाणं माझ्यासारखीला जमणारं नव्हतं आणि ज्यांना जमलं त्यांना परत आल्यावर पुन्हा कन्सेशनचे फॉर्मच भरायला दिले गेले.

हे सगळं डोक्यात पुन्हा घोळू लागलं त्याला कारण गोल्फ आहे. हसू नका. माझ्या भाच्याची मुलगी अमेरिकेत महाविद्यालयात शिकते आणि तिथल्या मुलींच्या गोल्फ संघात खेळते. आमच्या घराण्यात गोल्फ म्हणजे चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या भिंतीबाहेरून दिसलेलं हिरवं गवत, एवढाच संबंध. मुंबईत गोल्फ १८४२ पासूनचा आणि चेंबूरचा क्लब १९२७ चा, पण तो खेळ त्या भिंतीच्या बाहेर कधी आला नाही. तर ही मुलगी फोनवर म्हणाली, “आजी, आमच्याकडे नवीन असिस्टंट कोच आलीये.” मी सवयीने विचारलं, “आणि मॅनेजर कोण?” तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, “हॉटेल, जेवण, सगळं तीच बघते ना. व्हॅनपण तीच चालवते.” मला फार बरं वाटलं. सातासमुद्रापार, डॉलरात पगार असलेली, तरी आमच्याच जातीची बाई निघाली!

पण गोल्फमध्ये सहप्रशिक्षिका का लागते, हे तिने सांगितलं तेव्हा मला त्या खेळात रस वाटू लागला. संघात पाच जणी खेळतात आणि त्यांतल्या चार उत्तम जणींचेच आकडे धरतात. पाचही जणी अठरा होलच्या मैदानावर वेगवेगळ्या जागी पांगलेल्या. महाविद्यालयीन गोल्फमध्ये प्रशिक्षकाला खेळ चालू असतानाही खेळाडूशी बोलता येतं, सल्ला देता येतो. पण एक माणूस पाच जागी कसा असणार? म्हणून दोघं लागतात. आमच्याकडे साताच्या सात पोरी डोळ्यांसमोर, बारा बाय आठ मीटरच्या चौकटीत. आम्हाला दुसरा माणूस लागला तो स्पर्शासाठी. त्यांना लागला तो अंतरासाठी. आणि तो दुसरा माणूस कुणाला वर आणायचंय, कुणाला तिच्या नादावर सोडायचंय ते ठरवतो. कारण पाचव्या मुलीचा आकडा आज गाळला गेला, तरी उद्या तीच वाचवणारी असू शकते. राखीव खेळाडूंची मनं सांभाळणं म्हणजे काय, हे मला नवीन नाही.

त्या मुलीने सांगितलेलं थोडं आणि मी वाचलेलं थोडं मिळून तिकडचा इतिहास असा आहे. मुलींची पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन गोल्फ स्पर्धा १९४१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात झाली. ती भरवली ग्लॅडिस पामर या शारीरिक शिक्षणाच्या बाईंनी. गंमत म्हणजे त्यांना विरोध झाला तो त्यांच्याच क्षेत्रातल्या बायकांचा. मुलींनी खेळावं, पण असं जिंकण्याहरण्यासाठी नको, असं त्या काळच्या शिक्षणतज्ज्ञ बायकांचं म्हणणं होतं. पामरबाईंनी स्पर्धा भरवलीच. पुढे १९७२ मध्ये तिकडे ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलामुलींत भेद करता येणार नाही. मुलींच्या खेळांना पैसा आला, शिष्यवृत्त्या आल्या, प्रवासखर्च आला, प्रशिक्षकाला नीट पगार आला. आणि मग? १९७२ मध्ये मुलींच्या महाविद्यालयीन संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून अधिक बायका होत्या. २०१४ च्या सुमारास त्या त्रेचाळीस टक्क्यांवर आल्या. काम फुकटचं होतं तोवर बायकांचं होतं. त्याला पगार लागल्यावर अर्जांची रांग लागली. हा आकडा वाचून मी चहा गार होऊ दिला.

आपल्याकडे मुलींच्या क्रिकेटचंही काहीसं तसंच. पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७३ मध्ये पुण्यात झाली तेव्हा जेमतेम तीन संघ होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या मुली स्वतःच्या पैशाने, बिनआरक्षणाच्या डब्यातून फिरल्या. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानात आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला, तेव्हा प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. त्यांच्या कामाला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. मी स्वतः त्या रात्री टीव्हीसमोर ओरडत होते. तरी यादी मी शेवटूनच वाचली.

आणि आता शैलजा जैन. या लेखात मला खरं तर त्यांच्याबद्दलच लिहायचं होतं.

शैलजाताई नाशिकच्या कबड्डी प्रशिक्षिका. वर्षानुवर्षं त्यांनी नाशकात मुली घडवल्या. महिलांची कबड्डी आशियाई खेळांत आली ती २०१० मध्ये, ग्वांगझूला. पुरुषांची त्याआधी वीस वर्षं होती. भारताने २०१० आणि २०१४ दोन्ही वेळा सोनं आणलं. हरियाणाच्या डॉ. सुनील डबास यांना महिला कबड्डीच्या प्रशिक्षणासाठी २०१२ मध्ये द्रोणाचार्य मिळाला. म्हणजे बाईला हे काम जमत नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती. भारतीय संघ आपल्या हाती यावा अशी शैलजाताईंची इच्छा होती. तो आला नाही आणि ही खंत त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखवली. तेवढ्यात इराणकडून विचारणा आली. तिथे मुलींच्या सरावाला पुरुष प्रशिक्षक चालत नाही, त्यामुळे त्यांना कबड्डी जाणणारी बाईच हवी होती. इथेही पुन्हा तीच राखणीची अट, बघा. फक्त त्या अटीने या वेळी बाईला मुख्य प्रशिक्षक केलं.

तिथे हिजाब घालावा लागेल हे कळल्यावर त्या आधी कचरल्या होत्या. मग गेल्या. भाषा येत नव्हती, त्यात स्वतः शाकाहारी. फारसी शिकल्या. संघाला योगासनं आणि प्राणायामाला लावलं. माझ्यासारखीला यातलं मर्म लगेच कळतं, कारण कबड्डीत श्वास म्हणजे खेळच आहे. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत चढाई करायची तर दम पोटातून यायला हवा, छातीतून आला की विसाव्या सेकंदाला मुलगी फुटते. इराणच्या मुली ताकदीच्या होत्याच, उंच होत्या, कुस्तीच्या देशातल्या होत्या. शैलजाताईंनी त्यांना थांबायला शिकवलं, असं मला ते सामने बघून वाटलं. घाईने पकड न करणं, चढाई करणारीला आत येऊ देणं, मग मिटणं. नाशिकच्या मातीतली कबड्डी मॅटवर दिसत होती.

२०१८ चे आशियाई खेळ जकार्ताला. २३ ऑगस्टला आपला पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला. आशियाई खेळांत कबड्डीचं सोनं पुरुषांनी कधी सोडलं नव्हतं. घरात कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांचा अंतिम सामना. मध्यंतराला आपण १३-११ असे पुढे. मी मनातल्या मनात बचावाचे कोपरे मोजत होते, डावा कोपरा सैल पडतोय हे दिसत होतं. उत्तरार्धात इराणने लोना दिला आणि खेळ फिरला. शेवटी २७-२४. मैदानाबाहेर डोक्यावर रुमाल बांधलेली, हातात तिरंगा नसलेली आपली मराठी बाई उभी आणि तिच्या गळ्यात पडणाऱ्या इराणी पोरी. मला सोनं गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आत कुठेतरी असंही वाटलं की, घ्या, आता तळाची ओळ वाचा.

त्यानंतर पाच वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझूमध्ये आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवून सोनं परत आणलं. त्या खेळांतलं ते भारताचं शंभरावं पदक. सगळ्या देशाने शंभराचा आकडा लक्षात ठेवला. मी तो एक गुण लक्षात ठेवला.

बाई लागतेच, हे सरकारने लेखी सांगितलं ते फार उशिरा. २०२२ च्या जूनमध्ये परदेशातल्या सराव शिबिरात एका महिला सायकलपटूने आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने फर्मान काढलं: महिला खेळाडू असलेल्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे. व्यवस्थापिका नव्हे, प्रशिक्षक. शब्द बदलायला १९५५ पासून सदुसष्ट वर्षं लागली. आणि आमच्या बदलापूरला हे दिल्लीच्या कागदावरून शिकावं लागलं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथल्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर जो अत्याचार झाला, त्यानंतर २० तारखेला लोकांनी रेल्वे रोखून धरली. त्या दिवशी रुळांवर उभ्या असलेल्या आया जे विचारत होत्या, ते आमच्या पिढीच्या आया कलकत्त्याच्या गाडीत मुली बसवताना विचारत असत. बरोबर बाई कोण होती? याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

राखण ही गोष्ट त्यामुळे मी हलकी मानत नाही. माझं भांडण वेगळं आहे. राखण करणारीला खेळ कळत नाही, असं धरून चाललं जातं. आणि खेळ कळणाऱ्या सरांना राखण करावी लागत नाही, हेही धरून चाललं जातं. उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, सारिका काळेचं उदाहरण घ्या. खो-खोतली कर्णधार, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेतलं सोनं, २०२० चा अर्जुन पुरस्कार. घरच्या ओढगस्तीमुळे खेळ सोडायला निघालेल्या या मुलीला तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजावून परत मैदानावर आणलं. तेही राखणच की! पुढे सारिका तालुका क्रीडा अधिकारी झाली. म्हणजे फॉर्मवर सही करणारी खुर्ची आता अर्जुन पुरस्कारवाल्या बाईची.

यंदा आमच्याच पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात माझी एक जुनी विद्यार्थिनी मुलींच्या कबड्डी संघाची सहप्रशिक्षिका म्हणून रुजू झाली. पगार नाही, मानधन आहे. किती ते ती सांगत नाही, म्हणजे किती असेल ते मला कळलं. एनआयएसचा सहा आठवड्यांचा कोर्स केलेला. डावा गुडघा एकदा उसवून परत शिवलेला. रुजू झाल्यावर ती मांजर्लीला आली, मी साबुदाण्याची खिचडी केली होती. सर कसे आहेत विचारलं तर म्हणाली, “चांगले आहेत. मला म्हणाले, तुम्ही मुलींचं बघा, मी खेळाचं बघतो.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, सर, कोपऱ्यांचं मी बघते, बाकी आपण वाटून घेऊ.”

सर तयार झाले. सराव सकाळी साडेसहाचा ठरला, कारण संध्याकाळी मैदान क्रिकेटवाल्यांकडे असतं. वांगणीच्या आणि अंबरनाथच्या दोन मुलींना त्या वेळी यायला घरचे तयार नाहीत. पहाटे अंधारात स्टेशनपर्यंत कोण सोडणार, असं म्हणतात. पुढच्या रविवारी ती दोन्ही घरी जाणार आहे. मला बरोबर चला म्हणाली. मी हो म्हटलंय, पण बोलायचं तिनेच, हे आधी ठरवून घेतलं आहे.